शनिवारचा पूर आणि रविवारची प्रार्थना

परवा पुन्हा तो मेसेज आला. पाऊस वाढला की येतोच. ‘हा देवाचा कोप आहे, माणसाचं पाप वाढलं.’ खाली हात जोडलेले. पाठवणारा ओळखीचा, चांगला माणूस आहे, म्हणून ग्रुपवर काही बोललो नाही. इथे लिहितो.

२२ जुलै २०२३ आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. शनिवार होता. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर बरेच जण पुरात अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. जिल्ह्यात भिंत कोसळून एक बाई गेली. दुसऱ्या दिवशी रविवार. मी बातमीसाठी फिरत फिरत एका गावातल्या छोट्या चर्चमध्ये पोचलो. टिनाचं छप्पर, दारात चिखलाच्या चपला, आत वीसेक माणसं. मी ख्रिस्ती नाही. हेडिंग मात्र डोक्यात तयार होतं: ‘प्रार्थनेने तारले.’ असं चालतं, डेस्कलाही आवडतं.

पाळकांनी लूकच्या १३व्या अध्यायातला प्रसंग काढला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू लोकांना विचारतो, ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच सांगतो, नाही. (पुढे तो सगळ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो, तेही पाळकांनी गाळलं नाही.) पाळक म्हणाले, ज्यांची भिंत पडली त्यांच्याबद्दल या गावात कुणी वाकडं बोलायचं नाही.

मग एक म्हातारी उठली. तिची प्रार्थना मला आजही जशीच्या तशी आठवते. “परमेश्वरा, तुले राग आला असंल तं मले सांग. पण वीतभर पऱ्हाटीनं तुयं काय बिघडवलं होतं?” कुणी तिला थांबवलं नाही. आमेन म्हणाले सगळे. देवाशी असं भांडता येतं, हे मला माहीत नव्हतं. खरं तर माहीत असायला हवं होतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी तीस वर्षं ती आपल्या यवतमाळातच होती. आपण मात्र या शेजाऱ्यांना नाताळच्या केकापुरतंच ओळखतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. उपास, जप, तीर्थयात्रा सगळं करून. त्यांचा जुना विश्वास तिथेच ढासळला. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आणि १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतः जाऊन शेकडो उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

प्रार्थना संपल्यावर पाळकांनी वही काढली. कुणाचं धान्य भिजलं, कुणाकडे चूल पेटली नाही. जातधर्म विचारला नाही, गावातली घरं मोजली. शेवटी म्हणाले, ज्याचं वावर खरडून गेलं त्याला आज रात्री एकटं झोपू देऊ नका.

मी पेन खिशात ठेवला. माझ्या मामाचं वावर नाल्याकाठी आहे. शनिवारी त्यांचा फोन आला होता, मी ‘कामात आहे, नंतर करतो’ म्हणून ठेवला होता. केलाच नव्हता. आपल्या जिल्ह्यात अशा न केलेल्या फोनचा अर्थ काय होऊ शकतो, हे मी पत्रकार म्हणून वीस वर्षं लिहितोय.

हेडिंग राहिलं. संध्याकाळी मामाकडे पोचलो. ते ओट्यावर बसले होते, काही बोलेनात. तीन एकरांत दगडगोटे, माती गेलेली. मीही काही बोललो नाही. काय बोलणार? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील, पंचनामा होईल, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दिसलं तर मदत मिळेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

रात्री त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर अंथरूण टाकलं. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, “बाबू, जागा हायस का?”

“हो मामा.”

“सकाळी तो सातबारा शोधून देजो. पेटीत असंल.”