४०.७ सेकंद

मागच्या आठवड्यात भोरहून मामेभावाचा मेसेज आला. "ताई, तुझं फिजिक्सचं जर्नल आहे का अजून? फोटो काढून पाठव ना. रीडिंग हवीत."

जर्नल माळ्यावर ट्रंकेत आहे. फोटो पाठवायला दोन मिनिटं लागली असती, पण मी चार दिवस उत्तरच दिलं नाही. का दिलं नाही ते मेसेजमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

माझं गाव वेल्हे तालुक्यात, राजगड आणि तोरण्याच्या मधल्या खोऱ्यात. आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण आमच्या तोंडातून अजून वेल्हेच निघतं. दहावीनंतर सायन्स घ्यायचं म्हणून मी भोरला मामाकडे राहिले. शनिवारी घरी जायचं तर भोर, कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर आणि पुढे वेल्ह्याची एसटी. पावसाळ्यात ती गाडी कधी येईल ते तिचं तिलाच माहीत.

अकरावीचं आमचं पहिलं प्रॅक्टिकल होतं साधा लंबक. दोरीला टांगलेला पितळी गोळा, स्टँड, स्टॉपवॉच. लांबी १०० सेंटिमीटर ठेवायची, २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि सूत्रात घालून g काढायचा. पाच जणांत एक सेट होता. माझी पाळी आली तेव्हा २० आंदोलनांना ४०.७ सेकंद लागले. पुन्हा मोजलं, पुन्हा ४०.७. गणित केलं तर g आला ९.५३.

"९.८ यायला पाहिजे," शेजारची म्हणाली. "४०.१ लिही, बरोबर येतं. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये तेच आहे."

मी खोडरबर घेतलं आणि ४०.७ चं ४०.१ केलं. g आला ९.८२. सरांनी लाल पेनने बरोबरची खूण केली. पुढची दोन वर्षं आम्ही सगळे हेच करत होतो. आधी उत्तर बघायचं, मग उलटं येत येत रीडिंग तयार करायची. बोर्डात प्रॅक्टिकलला ३० मार्क आणि एक्स्टर्नल जर्नल चाळणार, त्यामुळे याला कोणी खोटं म्हणत नव्हतं. 'ॲडजस्ट करणं' म्हणायचे.

मी बारावीत असताना ऑगस्टमध्ये आमच्या वाडीत जुलाबाची साथ आली. आमच्याकडे पाऊस पडतो म्हणजे कोसळतो. विहिरीचं पाणी लाल होतं, घरोघर हंड्यात तुरटी फिरवतात. तुरटीने गाळ खाली बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. त्यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती पंचायतीचे तात्या रोज सकाळी विहिरीत टाकायचे. तरी आठवडाभरात पंधराएक जण आजारी पडले. माझी आजी दोन दिवस सलाईनवर होती. मी घरी पोचले तेव्हा ती माझा हात धरून फक्त म्हणाली, "आगं, पानीच बाधलं बघ."

मी तात्यांकडे गेले. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. रोजची तारीख, पावडर किती टाकली, आणि शेवटच्या रकान्यात ओटी टेस्ट. या टेस्टमध्ये पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. रजिस्टरमध्ये रोज 'पिवळा' होतं, एकही दिवस चुकलेला नव्हता.

"तात्या, औषधाची बाटली बघू."

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाय, ती कवाच संपली. दोन म्हैनं झालं. पर रकाना मोकळा ठिवून चालतं व्हय? वरनं विचारत्यात."

रागावून बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण एक शब्द निघाला नाही. त्यांचा तो रकाना आणि माझं ४०.१, दोन्ही एकाच रीतीने भरलेले होते.

पावडरचं पोतं पंचायतीच्या खोलीत, गळक्या कोपऱ्यात, तोंड उघडं ठेवलेलं होतं. त्यातली मूठभर पावडर मी झाकणाच्या बाटलीत घेतली आणि सोमवारी केमिस्ट्रीच्या मॅडमना दिली. त्यांनी काही विचारलं नाही. कॉलेज सुटल्यावर थांब, एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी आयुष्यातलं पहिलं खरं टायट्रेशन केलं. अडीच ग्रॅम पावडर घोटून २५० मिलिलिटर पाण्यात कालवली. त्यातलं २५ मिली पिपेटने फ्लास्कमध्ये घेतलं, पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड घातलं. पावडरीतला क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो आणि द्रावण तपकिरी होतं. जेवढा क्लोरीन, तेवढं आयोडीन. मग ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट, ज्याला लॅबमध्ये 'हायपो' म्हणतात, ते थेंब थेंब सोडायचं. रंग वाळल्या गवतासारखा फिका झाला की स्टार्च घालायचं. गडद निळा रंग येतो. तो ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचं.

लॅबमधल्या सीलबंद बाटलीतल्या पावडरला २२.६ मिली हायपो लागलं. गावच्या पोत्यातल्या पावडरला ८.४.

मी सवयीने मॅडमकडे बघितलं. "किती यायला पाहिजे?"

"मला काय माहीत?" मॅडम म्हणाल्या. "याचं उत्तर कुठल्याच जर्नलमध्ये नाही. परत कर."

परत केलं, ८.४ च आलं. ०.१ नॉर्मल हायपोचा एक मिली म्हणजे ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन. हिशेब केला तर ताज्या पावडरीत ३२ टक्के क्लोरीन होता, पोत्यातल्या पावडरीत जेमतेम १२. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर आतून मरते. वास येतो, दिसते पांढरीच. हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम असा हिशेब असतो. ताजी असेल तर लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, आमच्या पोत्यातून मिळत होता ०.३, आणि तेवढा तर गढूळ पाण्यातला गाळच खाऊन टाकणार. वापरण्याच्या ठिकाणी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवा.

आजारपणाचं कारण तेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ओटीचा रकाना एक दिवस जरी 'पिवळा नाही' असा भरला असता, तरी कोणीतरी पोत्याकडे वळून बघितलं असतं. मी आकडे कागदावर लिहून ग्रामसेवकांना दिले. नवीन पावडर आली, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवली गेली, ओटीची बाटलीही आली. तात्या पुढे मला बघितलं की लांबूनच ओरडायचे, "आज खराच पिवळा हाय गं!"

हे फक्त आमच्याकडेच होतं असंही नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनवरचा प्रभार काढला. हवेच्या श्यानतेचा आकडा चुकीचा घेतल्यामुळे त्यांचं उत्तर जरासं कमी आलं होतं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात सांगितलं, की नंतरच्या शास्त्रज्ञांची उत्तरं एकदम खऱ्या आकड्यावर गेली नाहीत, हळूहळू सरकत गेली. मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की ते आपली चूक शोधत बसायचे, जवळचं आलं की शोधायचे नाहीत. मागच्या वर्षीचं जर्नल तिथेही होतंच.

मी आता शिरवळला एका कंपनीत क्यूसीमध्ये आहे. इथे खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, कारण, सही, तारीख.

काल रात्री ट्रंक उघडली. पान उजेडात धरलं तर खोडलेल्या जागी ४०.७ अजून दिसतं. ते का आलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. मी हुकापर्यंत मोजली होती, म्हणजे लंबक १०० नव्हे, पावणेतीन सेंटिमीटरने जास्त होता. तेवढी लांबी धरली तर g ९.८ च्या अगदी जवळ येतो. स्टॉपवॉच बरोबर होतं, माझं मोजणंही बरोबर होतं. चूक कुठे आहे ते ४०.७ मला सांगत होतं आणि मी तेच पुसून टाकलं.

४०.१ वर रेघ मारली. बाजूला ४०.७ लिहिलं, खाली 'लांबी हुकापर्यंत मोजली', सही, कालची तारीख. त्या एका पानाचा फोटो भावाला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं. "अगं पण मग ९.५३ येतं. मार्क कापले तर?"

"कापतील कदाचित," मी लिहिलं. "सेट मिळाला की आधी गोळ्याचा व्यास मोज. मग काय येतं ते मला कळव."

अजून कळवलेलं नाही. शुक्रवारी त्याचं प्रॅक्टिकल आहे.