औंदानं गानं

बाकी महाराष्ट्र अक्षय तृतीयेला सोन्याच्या दुकानात जातो. आमच्या खान्देशात त्या दिवशी आखाजी असते. पितरांची घागर भरली जाते, सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं, पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटत बसतात आणि सासरी गेलेल्या पोरी माहेरी येऊन निंबाला बांधलेल्या झोक्यावर चढतात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी ते सोडून देते. मला सांगायचंय ते गाण्यांचं, आणि त्यातही नव्या गाण्यांचं.

आमचं गाव बोरी नदीच्या काठचं. पोरी दिलेल्या कुठं कुठं: कुणी पाचोऱ्याकडं, कुणी चोपड्याला, कुणी शिरपूरला, माझी फुई पार साक्रीच्या पलीकडं. मी धुळ्याला. आखाजीला या साऱ्या एका निंबाखाली येतात आणि पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. फुई विचारते, "काय लयनी वं औंदा?" म्हणजे नवं गाणं काय आणलंस? सासरच्या गावात वर्षभरात ऐकलेलं, जात्यावर नाही तर आता पिठाच्या गिरणीच्या रांगेत जुळवलेलं, निंदताना सुचलेलं. रिकाम्या हातानं आलेलीला फुई सोडत नाही. "नवं गानं नही तं आखाजी कसानी?"

जुनी गाणी असतातच. गौराईची, कैऱ्यांची, भावाच्या गाडीची. ती सगळ्यांना पाठ, त्यांच्यावर झोका तापतो. मग नव्यांची पाळी येते. कुणी मत देत नाही, नंबर काढत नाही. पण दिवस मावळेपर्यंत एक गाणं साऱ्यांच्या तोंडी बसलेलं असतं, तेच त्या वर्षाचं. दुसऱ्या दिवशी पोरी आपापल्या गावी जाताना ते एसटीत बसून निघतं.

झोक्याच्या गाण्याला वाद्य लागत नाही. गुलाबाईला टिपऱ्या असतात, वहीगायनाला डफ असतो, साक्रीकडच्या डोंगऱ्यादेवाला पावरी असते. इथं फक्त दोराची करकर. दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात, आणि ओळ तेवढीच लांब असते जेवढा झोका एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो. वरच्या टोकाला क्षणभर सगळं थांबतं, तिथं श्वास घ्यायचा. पहिलं अर्धं चरण दोनदा म्हणायचं, कारण तेवढ्या वेळात म्हणणारीला पुढचं जुळवता येतं. पोथीतले लोक याला पुनरुक्ती म्हणतील. ती खरं म्हणजे विचार करायला घेतलेली सवड आहे. आणि मध्ये एक जागा रिकामी असते, तिथं भावाचं, गावाचं, हंगामाचं नाव बसवायचं. त्या रिकाम्या जागेतूनच नवं गाणं आत शिरतं.

22 एप्रिल 2023 च्या आखाजीचं गाणं कापसाचं होतं. त्याच्या आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, म्हणून त्या साली साऱ्यांनी माल घरात दाबून ठेवला. भाव काही चढेना. ओसरीत कापूस, मधल्या घरात कापूस, पलंगाखाली कापूस. त्यात किडे होतात आणि सारं घर अंग खाजवत बसतं. चोपड्याच्या पोरीनं गाणं आणलं ते हेच. बाई म्हणते, देवघर कापसाखाली गेलं, पाहुण्याला बसायला जागा नाही, लेकरू खाजवून लाल झालं, आणि धनी रोज सकाळी मोबाइलवर भाव बघून म्हणतो, अजून आठ दिवस. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आठ दिवस. आम्ही हसून हसून झोक्यावरून पडायच्या बेतात होतो. पलीकडच्या पारावर पत्ते खेळणारे मात्र गप्प झाले, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरात तेव्हाही कापूस होता.

चाल कुठली होती? डीजेवरच्या एका गाण्याची. यावर नाक मुरडणारे मला माहीत आहेत. अहिराणीतलं 'झुमकावाली पोर' पुण्या-मुंबईच्या वरातींत वाजलं, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' 2024 मध्ये सगळीकडं गेलं, त्याचा मला आनंदच आहे. आणि बायकांनी चाल उचलली तर बिघडलं कुठं? 1975 साली 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा त्याच्या चालींवर कानबाईची गाणी झाल्याचं माझी माय सांगते. चाल उसनी असते, बोल घरचे असतात. मला आवडत नाही ते एवढंच, की डीजेच्या आवाजात बोल ऐकूच येत नाहीत. झोक्यावर ऐकू येतात. तिथं लपायला जागा नसते.

आता 2024 चं. 10 मे ची आखाजी. 13 तारखेला जळगावचं मतदान, धुळ्याचं 20 ला. दिवसभर प्रचाराच्या गाड्या गल्लीतून फिरत होत्या आणि त्यांच्या भोंग्यापुढं आमची गाणी बुडत होती. दुपारी उन्हात गाड्या थांबल्या तेव्हा एक पोर झोक्यावर चढली. नाव, गाव काही सांगत नाही. लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिनं जे म्हटलं ते तिनंच जुळवलेलं होतं, हे दुसऱ्या कडव्यात कळलं, कारण त्यातलं घर आम्हांला माहीत होतं.

सासरवरची गाणी नवी नाहीत. सासू, नणंद, दीर यांना शिव्या घालायची मुभा झोक्याला पहिल्यापासून आहे. पण त्या गाण्यांतली सासू कुणाचीच नसते, म्हणून ती सगळ्यांची असते. या पोरीनं ती जागा रिकामी ठेवली नाही. दूध किती लिटर निघतं आणि तिच्या कपात किती येतं, हे मापानिशी सांगितलं. मुऱ्हाळी आलेल्या भावाला दारातून कसं परत लावलं, ते सांगितलं. रडगाणं नव्हतं ते. चाल उडती, आवाज मोकळा, झोका फांदीला लागेल इतका उंच. चौथ्या कडव्याला कुणी मागून ओढलं नाही, तिनं एकटीनंच म्हटलं. इतकं चांगलं नवं गाणं मी निंबाखाली दुसरं ऐकलेलं नाही.

कुणाच्या तरी पोरानं ते मोबाइलवर घेतलं आणि स्टेटसला टाकलं. वाईट हेतू नसेलही. दिवेलागणीच्या आत ते सासरी पोचलं. रात्री फोन आला, सकाळी तिचा बाप पागोटं घालून तिकडं गेला, हात जोडून आला, आणि पोर दोन दिवस आधीच गावातून निघाली. जाताना बसस्टँडवर फुईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बोललं कुणीच नाही.

त्या दिवसापासून निंबाखाली फोन बंद. फुईनं एक पितळी डबा आणून ठेवला, येईल तिनं फोन त्यात टाकायचा. मी शिकलेली, मला हे लिहून ठेवायची सवय. मी म्हटलं, फुई, असं केलं तर गाणी जातील सारी. बहिणाबाईंचंच बघ. असोद्याची ती बाई, शेतात अन् घरात काम करता करता म्हणायची, मुलानं, सोपानदेवांनी, कागदावर घेतलं म्हणून राहिलं. 1951 मध्ये बाई गेल्या आणि 1952 मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांनी ते लोकांपुढं ठेवलं. फुई ऐकून घेते सगळं. मग म्हणाली, "बाई गयी मंग पुस्तक उनं ना? हाई पोर तं जित्ती शे."

याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि म्हणून ते गाणं माझ्या वहीत नाही. चारही कडवी मला पाठ आहेत. मनात म्हणते. एकदा धुळ्याला देवपुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हटलं, तर लेक विचारायला आली, कुणाचं गं हे? जुनं आहे, म्हटलं.

30 एप्रिल 2025 ला आखाजी होती. पोर येते की नाही असं साऱ्यांच्या मनात. आली. सोबत चार महिन्यांचं लेकरू. सकाळी ती झोक्याकडं फिरकलीच नाही, ओट्यावर बसून कैऱ्या चिरत राहिली. शिरपूरच्या पोरीनं औंदा गाणं आणलं होतं लाडक्या बहिणीचं. महिन्याला पंधराशे देणारा सरकार नावाचा भाऊ चांगला, की आखाजीला दोनशेचं लुगडं घेऊन येणारा सख्खा, असा त्यात झगडा. सरकार भाऊ मूळ लावत नाही, लेकराला खांद्यावर घेत नाही. सख्खा भाऊ येतो, पण वहिनीला विचारून येतो. दोन कडवी झाली, तिसरं जमेना. पहिलं अर्धं चरण दोनदाचं चारदा झालं, पुढचं कुणाला सुचेना.

तेव्हा ओट्यावरून आवाज आला. पैसे खात्यात पडले, असं त्या कडव्यात होतं, पण पडल्याचा मेसेज ज्या फोनवर येतो तो फोन धन्याच्या खिशात. कैरीवरची सुरी तशीच हातात. सगळ्या बाया एकदम हसल्या, मग एकदम थांबल्या. फुईनं डब्याकडं बघितलं. "समदा फोन बंद शेतस ना वं?"

"शेतस," आम्ही म्हणालो.

मी तिला संध्याकाळी विचारलं, हे लिहू का. लेकराला पदराखाली घेऊन ती थोडं थांबली. "हाई लिख," म्हणाली. "हाई तं समदास्नं शे." आणि परत झोक्याकडं गेली. चौथं कडवं अजून व्हायचं होतं, आणि शिरपूरच्या पोरीला पहाटेची एसटी होती.