पन्नास पुंगळ्या

२०२० च्या मार्चपर्यंत ओहायोतल्या आमच्या गावच्या दुकानातून पॉइंट अडतीस रिव्हॉल्व्हरच्या ५० काडतुसांचा डबा मी २० डॉलरला आणत होते. ऑगस्टमध्ये फळ्या रिकाम्या झाल्या. डिसेंबरात डबा मिळाला तो ४५ डॉलरला, तोही माणशी एकच. त्या वर्षी एफबीआयकडे बंदूक आणि परवान्यांसाठीच्या तपासण्या झाल्या सुमारे ३ कोटी ९७ लाख. नवी बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाला काडतुसं हवीच होती.

दर शनिवारी शंभर बार काढले नाहीत, तर माझा हात स्थिर राहत नाही. सराव सोडवेना, म्हणून काडतुसं घरीच भरायची ठरवली. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो.

काडतुसातली महाग वस्तू म्हणजे पितळी पुंगळी, आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या उडवत नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या डब्यांत जपलेल्या होत्या. प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), दारू आणि शिशाची गोळी मिळून काडतुसामागे खर्च आला २० सेंट. प्रेस, डाय आणि तराजूला २८० डॉलर पडले, ते चारशे काडतुसांत वसूल झाले. प्राइमर मिळवायलाच मात्र तीन महिने गेले.

पॉइंट अडतीस स्पेशल हे काडतूस जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातलं. त्याची पुंगळी ऐसपैस. आजची धूरविरहित दारू तिच्यात जेमतेम तळाशी बसते. म्हणून चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि वर गोळी बसली की कळायला मार्ग नाही. असं काडतूस झाडलं तर रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं.

एका रात्री मी तळघरात दारू घालत होते. पुण्याहून आईचा फोन आला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकत ऐकत माझा हात चालूच राहिला. फोन ठेवल्यावर ठोकळ्यात उभ्या केलेल्या पन्नासही पुंगळ्यांवर बॅटरी धरली. तिसऱ्या ओळीतल्या एकीत दारू शेजारणीपेक्षा बरीच वर दिसली.

गुहागरला आजोबांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते बार भरायला बसले की आजीसुद्धा चहाला हाक मारत नसे. त्यांचा स्वभावच तिरसट, असं मी तेव्हा समजत होते.

मी पन्नासही पुंगळ्या दारूच्या डब्यात रित्या केल्या आणि त्या रात्री पुढे भरलं नाही. पैसे वाचतात हे खरं, माझे वाचले. पण ज्यांना तासभर कुणाच्या हाकेला ओ न देता बसता येत नाही, त्यांनी जास्त पैसे मोजून तयार डबाच घ्यावा. आता माझा फोन वरच्या मजल्यावर असतो, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड पडतो.