दाराचें रबर

घरांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या बिघडेपर्यंत त्यांना नांवहि नसतें. पोळपाट, निरांजन, अडकित्ता यांना नांवें आहेत, कारण त्या नित्य हातीं लागतात. परंतु कुकरच्या झाकणांतील रबर किंवा नळाच्या पोटांतील चकती यांची आठवण त्यांनीं दगा दिल्यावरच व्हावयाची. समोरून दार उघडणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्राचें रबर हें याच जातींतलें. बाजारांत त्याला 'गॅस्केट' म्हणतात, कांहीं कारागीर 'बेलो' म्हणतात. आमच्या घरीं 'दाराचें रबर' एवढीच त्याची ओळख. या क्षुद्र वस्तूची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. मासिकाचीं पानें एवढीं का स्वस्त झालीं, असें कोणी विचारील, तर त्यांना आमची विनंति एवढीच कीं, निवाडा शेवटीं करावा.

प्रथम या रबराचें काम काय तें पाहूं. यंत्राच्या पोटांत कपडे फिरविणारा भोकाभोकांचा ड्रम असतो, आणि त्याच्या भोवतीं पाणी धरून ठेवणारी टाकी असते. ही टाकी बाहेरच्या पेटीला घट्ट जखडलेली नसते. ती वरून स्प्रिंगांवर टांगलेली व खालून दांड्यांनीं सांवरलेली असते. कपडे पिळतांना ड्रम मिनिटाला हजार-बाराशें फेरे घेतो आणि टाकी हेलकावे खाऊं लागते. दार मात्र स्थिर पेटीला जडलेलें. म्हणजे एक हलणार, दुसरें हलणार नाहीं, आणि दोहोंच्या मध्यें पाणी! या दोघांची सांगड घालतें तें हें रबर. त्याचा एक कांठ टाकीच्या तोंडाला, दुसरा पेटीच्या पत्र्याला, आणि मध्यें भात्यासारख्या घड्या. १९३७ सालीं अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें आपलें घरगुती स्वयंचलित यंत्र विक्रीस आणलें. तेंहि समोरूनच उघडणारें होतें. परंतु त्याचे हादरे असे कीं, तें जमिनीला बोल्टांनीं जखडून ठेवावें लागे. आजचें यंत्र आपल्या चार पायांवर सुटें उभें राहतें, याचें कारण हलणाऱ्याला हलूं देण्याची सोय त्याच्या पोटांतच केलेली आहे. एकत्र कुटुंबांत आयुष्य काढलेल्या वाचकांना या सोयीचें महत्त्व निराळें समजावून सांगावयास नकोच.

पुण्यास आमच्या घरीं तीन पिढ्यांचीं अकरा माणसें एकत्र राहतात. २०१५ सालीं हें यंत्र घरांत आलें, त्या दिवसापासून त्याचा कारभार आमच्या काकूंकडे आहे. एके काळीं साऱ्या घराचाच कारभार त्यांच्याकडे होता. पुढें गुडघ्यांनीं त्यांना स्वयंपाकाच्या ओट्यापुढून उठविलें, डोळ्यांनीं निवडण्या-टिपण्यांतून काढलें, आणि देवांची पूजा आमच्या थोरल्या वहिनींकडे गेली. हें यंत्र तेवढें उरलें. त्याच्यापुढें खुर्ची टाकून, मांडीवर चिमट्यांची पिशवी घेऊन काकू बसत. पांढरे कपडे वेगळे, रंगीत वेगळे. साबणाचें माप त्या कोणाच्याहि हातीं देत नसत. ऐंशीव्या वर्षीं घरांतील दहा माणसांना आपल्यावांचून धुतलेला सदरा मिळत नाहीं, ही जाणीव औषधाहून गुणकारी असते असें आमचें मत आहे.

२०२४ सालच्या जून महिन्यांत आमच्या धाकट्या भावजयबाई पहांटे पाणी पिण्यास म्हणून उठल्या. पाहतात तों काकू दिवा न लावतां जमिनीवर बसून जुन्या लुगड्याच्या तुकड्यानें फरशी पुसत आहेत. "अग, जरा पाणी सांडलें," काकू म्हणाल्या. पुढें विचारतां विचारतां उघड झालें कीं, हें सांडणें तीन आठवडे चाललें होतें. रात्रीं पाळी लावावी, आणि कोणी उठण्याच्या आंत यंत्राखालचें पाणी टिपून घ्यावें, असा क्रम त्यांनीं ठेविला होता. ओली फरशी, पहांटेचा अंधार आणि ऐंशी वर्षांचीं हाडें! यांतून काय ओढवलें असतें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मग अर्थातच घरांत सभा भरली. दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला. त्यानें सांगितलें कीं, रबर फाटलें आहे, परंतु नऊ वर्षांच्या यंत्राला पैसा लावण्यापेक्षां नवें घ्यावें. दादांचें मत पडलें कीं, यंत्रच नको, हल्लीं कपडे घरून नेऊन धुवून, इस्त्री करून आणून देणारे मिळतात. पुतण्या म्हणाला, वरून उघडणारें घ्यावें, म्हणजे दाराच्या रबराची कटकटच उरणार नाहीं. सारीं मतें शहाणपणाचीं होतीं आणि सर्वांच्या मनांत काकूंची काळजीच होती. काकूंना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "तुम्हांला सोयीचें पडेल तें करा." आणि मांडीवरची चिमट्यांची पिशवी त्यांनीं उचलून खिडकींत ठेवून दिली.

ती पिशवी भावजयबाईंच्या नजरेंतून सुटली नाहीं. या बाई बँकेंत नोकरीस असून यंत्रविद्येशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. त्या इतकेंच म्हणाल्या, "आधीं रबर बदलून तर पाहूं. नाहींच जमलें तर यंत्र टाकणें आहेच."

रबराची खालची घडी उलटून पाहतां तींत तीन बोटें लांब चीर दिसली. घडींत दोन रुपयांचें एक नाणें, केसांची एक पिन आणि एक तुटकें बटण निघालें. अशी कठीण वस्तु घडींत अडकली म्हणजे फिरत्या ड्रमच्या कांठाशीं घांसते आणि रबर कापीत जाते. बाकीचा भाग काळ्या बुरशीनें भरलेला होता. थंड पाणी, साबण जरुरीपेक्षां अधिक, आणि धुणें झाल्यावर लावून घेतलेलें दार, या तिहींच्या संगतींत बुरशी वाढते. उन्हाळ्यांत आमच्याकडे टँकरचें जड पाणी येतें. त्याच्या क्षारांनीं रबर खरखरीत झालें होतें. नाणें कोणाचें, पिन कोणाची, याची चौकशी कोणी केली नाहीं. पिन पुरुषांची नव्हती आणि नाणें काकूंचें नव्हतें, एवढें मात्र उघड होतें.

दाराच्या आंतल्या बाजूच्या चिठ्ठीवरून यंत्राचा मॉडेल क्रमांक उतरून घेऊन पुतण्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत गेला. प्रत्येक यंत्राचें रबर निराळें असतें. नुसत्या अंदाजानें आणलेलें बसत नाहीं. सोळाशें रुपयांस रबर मिळालें, आणि रविवारीं दुपारीं कामास आरंभ झाला.

विजेची पिन काढली, नळ बंद केला, तळाच्या गाळणींतून उरलेलें पाणी काढून टाकलें. रबराच्या बाहेरच्या कांठावर तारेची एक बारीक कडी असते व तिला एके ठिकाणीं स्प्रिंग असते. ती स्क्रू-ड्रायव्हरनें उचलून काढली. आमच्या यंत्राचा पुढचा पत्रा उतरवावा लागला. कांहीं यंत्रांत तसें न करतां तोंडांतूनच हात घालून काम होतें. दाराच्या कुलपाची वायर सोडविण्यापूर्वीं भावजयबाईंनीं मोबाईलवर तिचें छायाचित्र घेतलें, आणि पुढें प्रत्येक टप्प्यास हाच नेम ठेविला. मग टाकीच्या तोंडावरची मोठी कडी सैल केली, तेव्हां जुनें रबर सुटून हातांत आलें. तें जेथें बसलें होतें तो कांठ घांसून स्वच्छ केला, कारण तेथें साबणाचा थर राहिला तर नवें रबरहि गळावयाचेंच.

नव्या रबरावर एक खूण असते. ती टाकीच्या माथ्यावरील खुणेशीं जुळवावी लागते, म्हणजे पाणी निथळण्याचीं छिद्रें आपोआप तळाशीं येतात. कांठ सहज सरकावा म्हणून पुतण्या तेलाची बाटली घेऊन आला. पण रबराबरोबरच्या कागदावर तेलाचा निषेध छापलेला होता. हें रबर बहुधा ई.पी.डी.एम. जातीचें असतें. गरम पाणी, साबण आणि हवा यांना तें दाद देत नाहीं, परंतु तेलानें फुगतें. साबणाचे चार थेंब पाण्यांत कालवून लावले, तेवढें पुरलें.

खरी अडचण शेवटीं आली. बाहेरची तारेची कडी कांहीं केल्या बसेना. एका बाजूनें बसवावी तर दुसऱ्या बाजूनें ती निसटून येई. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास असलेल्या आमच्या पुतण्याला घाम फुटला. तेव्हां इतका वेळ खुर्चीवर बसून पाहणाऱ्या काकू म्हणाल्या, "अरे, लोणच्याच्या बरणीला दादरा कधीं बांधला आहेस का? एकानें माथ्यावर अंगठा दाबून धरावें, दुसऱ्यानें दोन्ही हातांनीं दोहीं अंगांनीं खालीं उतरत यावें. ताण शेवटीं द्यावा." मग काकूंनीं माथ्यावर अंगठा दाबून धरला, भावजयबाई दोन्ही बाजूंनीं खालीं आल्या, आणि स्प्रिंग ताणतांच कडी खांचेंत जाऊन बसली.

पत्रा चढविल्यावर खालीं वर्तमानपत्र पसरून यंत्र रिकामेंच एकदां चालविलें. तें थांबल्यावर काकूंनीं वांकून कागदावरून हात फिरविला. कागद कोरडा होता. खिडकींतील पिशवी त्यांनीं कोणाला न सांगतां परत घेतली.

तेव्हांपासून घरांत चार नियम झाले आहेत. ज्याचे खिसे त्यानेंच रिकामे करून कपडे द्यावे. धुणें संपल्यावर रबराच्या घड्या, विशेषतः खालची, कोरड्या फडक्यानें पुसाव्या. तें फडकें यंत्राच्या बाजूसच टांगलेलें असतें. दार बोटभर उघडें ठेवावें. लहान मूल घरीं असेल तर अर्थात् त्याच्यावर लक्ष ठेवून. महिन्यांतून एकदां यंत्र गरम पाण्यावर रिकामें चालवावें. बुरशीसाठीं कोणी ब्लीच वापरतात, कोणी व्हिनेगर. मात्र या दोहोंचा संयोग कदापि होऊं देऊं नये, त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. आणि पांचवा नियम काकूंसाठीं आहे: पाणी गळलें तर दिवा लावून हांक मारावी.

प्रत्येक जुनें यंत्र राखावेंच, असा आमचा आग्रह नाहीं. टाकी तडकली, मोटार जळली, तर नवें घेणें हेंच शहाणपण. परंतु घरांतील एखादी वस्तु मोडींत काढण्याचा विचार करतांना आपण दुरुस्तीचा खर्च एका बाजूस मांडतों आणि नव्याची किंमत दुसऱ्या बाजूस. त्या हिशेबांत आणखी एक रकाना असावा: या वस्तूपाशीं घरांतील कोणाची बसण्याची जागा आहे? आमच्या घरीं त्या रकान्यांत एक नांव होतें, म्हणून सोळाशें रुपयांचें रबर आलें. आतां निवाडा वाचकांनीं करावा.