टेकडीवरचा बिनमार्कांचा तास

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा जवळपास अख्खा दिवस एका खुर्चीत जातो. प्लायवूडच्या फळ्यांनी आखलेली जागा, समोर चिकटवलेला नकाशा, पायाशी डब्याची पिशवी. दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टच्या सुमारास तक्रार ऐकू येते: तास भरतात, पण डोक्यात काही राहत नाही.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये अशा अवस्थेसाठी ‘बर्नआउट’ हा शब्द रूढ केला. विद्यार्थ्यांमध्ये तिची तीन अंगं दिसतात: पार गळून जाणं, अभ्यासाचाच तिटकारा येणं आणि आपल्याच्यानं होणार नाही असं वाटू लागणं. यातला तिटकारा घरच्यांना हमखास आळस वाटतो.

अशा वेळी टेकडीवरचं फिरणं का उपयोगी पडावं? मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅपलान यांच्या मते मन मारून एकाग्र होण्याची ताकद वापरून संपते. झाडं, पाखरं, ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, आणि तेवढ्यात ती ताकद भरून येते. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एका प्रयोगात काही जणांना वृक्षोद्यानातून आणि गजबजलेल्या रस्त्यांवरून वेगवेगळ्या दिवशी फिरवून आणलं. आकडे उलट क्रमानं सांगण्याच्या चाचणीतली कामगिरी उद्यानातल्या फेरीनंतर जास्त सुधारली. कडाक्याच्या थंडीत फिरणं कोणाला फारसं आवडलं नव्हतं, तरी फायदा झालाच. मे महिन्यातली पुण्याची बोडकी वेताळ टेकडीही त्या हिशेबानं वाया जात नसावी.

चढणीचं काम वेगळं. पर्वती टेकडीच्या शंभरएक पायऱ्या चढताना दम लागतो, दिवसभर आखडलेली पाठ-मान सुटते. रोजच्या अशा श्रमानं रात्रीची झोपही सुधारते. थकलेल्या विद्यार्थ्याची पहिली गेलेली असते ती झोपच.

मात्र कानात चालू घडामोडींचं लेक्चर लावून टेकडी चढणाऱ्याचे पाय तेवढे चालतात. लक्ष अभ्यासिकेतच बसलेलं असतं. पोलीस भरतीच्या मुलांचं दुखणं आणखी निराळं. त्यांच्या १६०० मीटर धावण्यालाही गुण असतात, त्यामुळे मोकळ्या हवेतही नजर स्टॉपवॉचवरच. तयारीची धाव आणि मोकळं फिरणं त्यांना वेगवेगळं ठेवावं लागतं.

लांबलेली जाहिरात, पुढे ढकललेली परीक्षा, घरून येणारे पैसे यांवर टेकडीकडे उपाय नाही. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर चालण्याच्या भरवशावर न राहता डॉक्टर किंवा समुपदेशकच गाठावा लागतो.