बर्फाचा धडा नळदुर्गच्या पाण्यात

बालमित्रांनो, तुम्ही कधी बर्फ पडताना पाहिलाय? आमच्या धाराशिव जिल्ह्यात तो कुठला पडायला! इथे बर्फ म्हणजे वळवाच्या गारा, नाहीतर उसाच्या रसातला खडा. पण मनाली-काश्मीरला जाऊन आलेल्या पाहुण्यांचे फोटो तर तुम्ही पाहिले असतील. जरा आठवून बघा. डोळे दिपवणारा तो शुभ्र बर्फ फोटोत राखेसारखा करडा दिसतो, कधी निळसरही. आणि त्यावर उभे असलेले काका-काकू? त्यांचे चेहरे इतके काळपट, की ओळखायला वेळ लागावा.

असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे शिकायला हिमालय गाठायची गरज नाही. तुम्ही आमच्या अणदूरला या.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. इथला खंडोबा प्रसिद्ध आहे. त्याची गंमत म्हणजे मूर्ती एक आणि घरं दोन! वर्षातले बहुतेक महिने देव अणदुरात असतात, उरलेले दिवस नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देवाची पालखी निघाली की भंडाऱ्यानं वाट पिवळी होते. आज आपणही त्याच दिशेनं निघू या, पण किल्ला पाहायला.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या काठावर आहे. सगळं काम काळ्या दगडाचं. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, इथे नदीवर एक भक्कम भिंत बांधली गेली. तिनं नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ हे दोन भाग जोडले. या भिंतीच्या पोटातच आहे पाणीमहाल. पावसाळ्यात वरचं बोरी धरण भरून वाहू लागलं, की पाणी या भिंतीवरून खाली झेप घेतं. त्याचे दोन धबधबे होतात. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. पाणी धो धो कोसळत असतं आणि आपण महालाच्या खिडकीत उभे राहून ते पाहतो, तेही कोरडे!

पण आमचा भाग पडला कमी पावसाचा. पाऊस रुसला, तर नर-मादीचं दर्शन दुर्लभ. म्हणून ज्या वर्षी ते वाहतात, त्या वर्षी माणसांची रीघ लागते. जो तो फोटो काढतो. आणि घरी येऊन पाहावं, तर दुधासारखं पाणी मळकट झालेलं. म्हणजे तुमच्या पाहुण्यांच्या बर्फासारखीच गत!

यात दोष कुणाचा? कॅमेऱ्याच्या हिशेबाचा. कॅमेऱ्यातलं यंत्र फक्त उजेड मोजतं. समोर सावलीतली पांढरी वस्तू आहे की भर उन्हातली करडी, हे त्याला त्या मापावरून कळत नाही. म्हणून त्याला एक ठरीव अंदाज शिकवलेला असतो. तो असा, की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं असणार. म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं. झाडं, माती, घरं, माणसं एकत्र असली, तर हा अंदाज बहुतेक वेळा जमतो. पण ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो. यंत्राला वाटतं, ‘अरे बापरे, उजेड फारच झाला!’ ते प्रकाश कमी आत घेतं आणि पांढऱ्याचं करडं करून टाकतं. आजचे मोबाइल पुष्कळ हुशार झालेत, चेहरेही ओळखतात. तरीसुद्धा असे फसतात.

पटत नाही? मग घरीच प्रयोग करा. परातीत ज्वारीचं पीठ पसरा. मोबाइल इतका जवळ न्या, की चौकटीत फक्त पीठच दिसेल. फोटो काढा. मग काळ्या तव्याचा तसाच फोटो काढा. (तवा गार झालेला असू द्या!) दोन्ही फोटो शेजारी ठेवा. पीठ मळकं आणि तवा फिकट दिसेल. दोघंही करड्याकडे सरकले. कळली ना कॅमेऱ्याची खोड?

आता उपाय. बऱ्याच कॅमेऱ्यांत अधिक-उणे अशी खूण असते. अधिक १ केलं की प्रकाश दुप्पट होतो, अधिक २ केलं की चौपट. उणे १ केलं की निम्मा. बहुतेक मोबाइलवर पडद्याला बोट लावलं की छोटा सूर्य दिसतो. तो वर सरकवला की फोटो उजळतो, खाली सरकवला की गडद होतो.

हे घेऊन नळदुर्गात तीन जागी उभे राहा.

पहिली जागा अशी, जिथून चौकटभर पांढरं पाणीच दिसतं. इथे कॅमेरा करडं करणार, म्हणून प्रकाश थोडा वाढवा. पण बेतानं! फार वाढवलात तर फेसातले तुषार आणि धारा पुसल्या जातात आणि कोरा कागद उरतो.

दुसरी जागा लांबची. इथून दिसते मोठी काळी भिंत आणि त्यावर पाण्याची बारीक धार. आता काळ्याचा भाग जास्त, म्हणून कॅमेरा उलटी चूक करतो. काळा दगड फिकट होतो आणि पाणी कोरं पडतं. इथे प्रकाश कमी करा. पाहा बरं, पाणी तेच, भिंत तीच, पण उपाय अगदी उलटा! म्हणून ‘पांढरं दिसलं की वाढवा’ असं पाठ करून चालत नाही. चौकटीत पांढरं किती आणि काळं किती, ते आधी बघायचं.

तिसरी जागा पाणीमहालाची खिडकी. आत अंधार, बाहेर झगझगीत पाणी आणि मध्ये तुमची मैत्रीण. तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे कॅमेरा तिथला उजेड मोजेल. मागचं पाणी थोडं कोरं होईल, होऊ दे. पाणी हवं की चेहरा, हे तुम्हीच ठरवायचं असतं.

पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. फोटोत चेहरा काळा आला, की आपण सहज म्हणून जातो, “ही सावळी आहे ना, फोटो चांगला येत नाही तिचा.” लेकरू ते ऐकतं आणि पुढच्या फोटोला मागच्या रांगेत जाऊन उभं राहतं. रंग कोणताही असो, फोटो चांगला येतो. चुकलेलं असतं उजेडाचं माप. ते बोटानं दुरुस्त होतं. मनाला लागलेलं इतक्या सहज दुरुस्त होत नाही.

उद्या तुम्ही खरोखर बर्फात गेलात, तर हाच धडा कामी येईल. चौकटभर बर्फ असेल तर अधिक १ पासून सुरुवात करा, गरज वाटली तर अधिक २ पर्यंत जा. इटलीचे व्हिटोरिओ सेला यांनी १८९९ साली कांचनगंगेच्या आणि १९०९ साली के-२ शिखराच्या परिसरात बर्फाचे अप्रतिम फोटो काढले. तेव्हा आपोआप उजेड मोजणारे कॅमेरे नव्हते. डोळे आणि अनुभव, हेच त्यांचं माप.

नळदुर्गला याल तेव्हा मोठ्या माणसांबरोबर या. दगडांवर शेवाळ असतं, पाय घसरतो. काठावर जाऊन, पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका. काचेवर तुषार उडाले तर मऊ कापडानं पुसा, नाहीतर सगळंच धुरकट दिसेल.

आणि फोटो काढण्याआधी दोन मिनिटं कॅमेरा खाली ठेवून पाणी नुसतं डोळे भरून बघा. ते किती पांढरं होतं, हे तुमच्या लक्षात असेल, तरच कॅमेऱ्याची चूक तुम्हाला पकडता येईल.