दसऱ्याची बंदूक

ग्वाल्हेरच्या ज्या भागात आमचे घर आहे, त्याचे नावच मुळी लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, हळूहळू तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि छावणीचेच शहर झाले. अशा गावातल्या जुन्या मराठी घरात एखादे हत्यार नसेल तरच नवल. कोणाकडे म्यानात गंजून बसलेली तलवार, कोणाकडे ढाल. आमच्याकडे बंदूक होती. ओसरीवर झोपाळ्यामागच्या भिंतीत दोन खुंट्या होत्या, त्यांवर ती आडवी विसावलेली असे.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टुलावर चढून तिला हळदकुंकू वाहत आणि झेंडूची माळ घालीत. मग आत्या आम्हा मुलांना समोर बसवून हकीगत सांगे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूरला इंग्रजांशी लढाई झाली. शिंद्यांचे गोलंदाज पडले, पण तोफांपासून हटले नाहीत. आमच्या पणजोबांचे वडील तेथे पायदळात होते. पराभवानंतर त्यांनी हीच बंदूक कडब्याच्या गाडीत लपवून घरी आणली. आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. या हकीगतीवर शंका घ्यायची नाही, आणि बंदूक खुंटीवरून खाली काढायची नाही. पहिल्या नियमाचे कारण कोणालाही कळण्यासारखे होते. दुसऱ्याचे कारण विचारले तर "हात लावायचा नाही म्हणजे नाही" एवढेच उत्तर मिळे.

१९८६ साली अण्णा गेले. बंदुकीची नोंद त्यांच्या परवान्यावर होती. ती माझ्या नावे करून घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा बंदुकीचा प्रकार, बनावट आणि नळीचा व्यास लिहिणे भाग पडले. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमच ती खाली घेतली. अंदाजापेक्षा फारच जड निघाली. अर्जात काय लिहायचे ते मात्र सुचेना. "महाराजपूरची बंदूक" असे लिहिता येत नव्हते.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. ग्रंथालयांतली पुस्तके चाळली, जयविलासच्या संग्रहालयात काचेला नाक लावून उभा राहिलो, आणि एकोणिसाव्या शतकातली फौजी बंदूक कशी ओळखावी याचे थोडेफार ज्ञान झाले. ज्या वाचकांच्या घरी असे एखादे हत्यार असेल, त्यांच्यासाठी ते येथे सांगतो.

आधी चाप पाहावा. शतकाच्या पूर्वार्धात फौजी बंदुका चकमकीच्या असत. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असे. ती पोलादावर आपटली की ठिणगी रंजकावर पडे आणि कानावाटे आग नळीतल्या दारूपर्यंत जाई. पाऊस आला की अशा बंदुकीची काठी होई. १८४० च्या आसपास इंग्रज फौजेत टोपीची बंदूक आली. स्फोटक द्रव्य भरलेली तांब्याची इवलीशी टोपी एका बोंडीवर बसवायची आणि घोडा तिच्यावर पडला की बार. पुष्कळ जुन्या चकमकीच्या बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. अशा बंदुकीच्या चापाच्या पत्र्यावर रंजकाची वाटी काढून टाकल्याची बुजवलेली भोके दिसतात. आमच्या पत्र्यावर एकही बुजवलेले भोक नव्हते. ती जन्मतःच टोपीची होती.

मग नळी लाकडात कशी बसवली आहे ते पाहावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत जी 'इंडिया पॅटर्न' बंदूक होती, तिची नळी ३९ इंच लांब, आतून सुमारे पाऊण इंच रुंद, आणि लाकडातून आरपार घातलेल्या बारीक खिळ्यांनी पक्की केलेली असे. हा नमुना कंपनीचा, परंतु फ्रेंचांशी युद्ध जुंपले तेव्हा १७९७ पासून खुद्द इंग्लंडच्या सरकारनेही तोच उचलला. फ्रेंच बंदुकीची नळी याउलट लोखंडी कड्यांनी आवळलेली असते. आमच्या बंदुकीला तीन कडी होती. परंतु इंग्रजांनीही कड्यांची पद्धत पुढे घेतली, ती १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत.

तिसरी गोष्ट म्हणजे खुणा. कंपनीच्या जुन्या चापांवर हृदयाच्या आकाराची, चार घरे पाडून अक्षरे घातलेली व्यापारी मोहोर असते. १८०८ च्या सुमारास तिची जागा पंजात मुकुट धरून उभ्या राहिलेल्या सिंहाने घेतली. आमच्या चापावर पिढ्यानपिढ्यांचे हळदकुंकू तेलात भिजून दगडासारखे झाले होते. मऊ फडक्याने तीन दिवस पुसले, तेव्हा खालून अक्षरे वर आली. सिंह नव्हता. घोड्याच्या मागे मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.' ही आद्याक्षरे. घोड्याच्या पुढे 'टॉवर' हा शब्द आणि एक साल : १८६०.

महाराजपूरची लढाई होऊन सतरा वर्षे झाल्यावरचे साल. ते फडके हातात धरून मी ओसरीवर बराच वेळ बसून राहिलो. आत घरात आत्या रामरक्षा म्हणत होती.

तरीही ओळख पुरी झाली नव्हती. बाहेरून पाहता ही सरळसरळ एन्फिल्ड रायफल वाटत होती. परंतु रायफलीच्या नळीत आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. एन्फिल्डला असे तीन आटे असत आणि तिची नळी ०.५७७ इंचाची. विजेरी लावून आत पाहिले तर नळी पेल्यासारखी गुळगुळीत. व्यास भरला ०.६५६ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरहून किंचित अधिक. एन्फिल्डवर लांब पल्ल्यासाठी वरखाली करता येणारी शिडीसारखी माशी असते, येथे एकच ठोकळा कायमचा बसवलेला.

या कोड्याचे उत्तर इतिहासात सापडले. १८५७ साली ज्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती याच एन्फिल्ड रायफलीची काडतुसे. तो वणवा विझल्यावर राज्यकर्त्यांनी ठरवले की हिंदी शिपायाच्या हाती पुन्हा इतके चांगले हत्यार द्यायचे नाही. म्हणून १८५८ साली एक वेगळा नमुना मंजूर झाला. लांबी तीच, कडी तीच, चाप तोच, फक्त नळी आटे नसलेली. कवायतीच्या मैदानावर गोरा आणि हिंदी शिपाई शेजारी उभे राहिले तर फरक दिसू नये. एकाची गोळी कित्येकशे यार्डांवर नेम धरून जाई, दुसऱ्याची शंभर यार्डांपलीकडे भरवसा देत नसे. पहिल्या बंदुकांच्या नळ्या पातळ पडून वाकू लागल्या, तेव्हा १८५९ साली जाड नळीचा सुधारलेला नमुना निघाला. शिपायाला आपल्याविषयी सरकारला काय वाटते हे विचारण्याची गरज नव्हती. नळीत बोट घातले तरी पुरे.

आमच्या बंदुकीच्या दस्त्याखालच्या पितळी पत्र्यावर देवनागरीत '४१७' हा आकडा ठोकलेला आहे. देशी संस्थानांच्या फौजांतील बंदुकांवर असे आकडे आढळतात. १८४४ च्या तहाने शिंद्यांचे पायदळ तीन हजारांवर आणले होते, ते १८६० च्या तहाने पाच हजारांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. म्हणजे बंदूक इंग्रजी सरकारची असली तरी कधीतरी आपल्या माणसाच्या खांद्यावर चढली होती.

नादाबरोबर त्याची शिक्षाही आली. तुलनेसाठी एखादी खरी चकमकीची बंदूक घ्यावी म्हणून मी १९८७ साली परगावच्या एका जुन्या बाजारात गेलो आणि महिन्याचा पगार देऊन एक 'कंपनीची बंदूक' घेऊन आलो. घरी दिव्याखाली धरली तेव्हा 'टॉवर' शब्दातले शेवटचे इंग्रजी अक्षर उलटे कोरलेले दिसले. चाप गारगोटीचा आणि त्यावर साल १८६९! त्या साली इंग्रज फौजेत गारगोटीची बंदूक कोठून येणार? लाकूड अक्रोडाचे हवे, ते शिसवाचे होते. (लाकूड शिसवाचे आहे म्हणून प्रत्येक बंदूक खोटी नव्हे. आपल्याकडे मोडलेले दस्ते सुतारांनी बदलले आहेत. पण एवढे सगळे पुरावे एकत्र आल्यावर आशेला जागा उरत नाही.) ती बंदूक मी अजून ठेवली आहे. तिच्याइतके कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

आता जी गोष्ट पहिल्या दिवशी करावयास हवी होती आणि मी सर्वांत शेवटी केली, ती सांगतो. ठासणीची जुनी बंदूक हाती आली की ती भरलेली आहे की रिकामी, हे आधी तपासावे. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, स्वतः तोंडासमोर न येता, ठासणीचा गज हलकेच नळीत सोडावा आणि तोंडाशी गजावर खूण करावी. मग तोच गज बाहेरून नळीलगत धरावा. त्याचे टोक थेट बोंडीपर्यंत पोचले तर नळी रिकामी. आमचा गज चार बोटे अलीकडे थांबला.

मी ताडकन उभा राहिलो. ज्या बंदुकीखाली आम्ही भावंडे झोपाळ्यावर खेळलो, माझी मुले खेळली, ती भरलेली होती. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. दुसऱ्याच दिवशी परवाना बरोबर घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने बोंडी काढली, आत तेल सोडून रात्रभर मुरू दिले, आणि गजाला आकडा लावून एकेक वस्तू बाहेर काढली. चिंधी, मूठभर छर्रे, पुन्हा चिंधी, आणि शेवटी ढेकळासारखी दारू. गोळी नव्हती. युद्धासाठी कोणी छर्रे भरत नाही.

१९८८ चा दसरा. आत्या तेव्हा ऐंशीची होती. साल, मुकुट, नळी, सगळे मी तिला सांगितले. सांगताना माझा आवाज खाली गेला होता. ती काहीच बोलली नाही. झेंडूची माळ ओवत राहिली. शेवटी मी कागदात बांधून ठेवलेली चिंधी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "आत्या, ही आत होती. बंदूक भरलेली होती."

तिने चिंधी उजेडाकडे धरली. ती काळी पडली होती, पण एका कडेला काठ ओळखू येत होता.

"हा तर आईच्या माहेश्वरी लुगड्याचा रुईफुली काठ," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने बोलू लागली. ती अकरा-बारा वर्षांची असताना मंडळी चंबळेकडच्या आमच्या गावी राहत असत. एका रात्री दरोडेखोर येणार अशी आवई उठली. आजोबा कामासाठी लष्करात आलेले, घरात पुरुषमाणूस नाही. आजीने बंदूक काढली, लुगड्याचा जुना पदर फाडला, आजोबांना करताना पाहिले होते तशी ती ठासली, आणि दाराशी मांडी घालून पहाटेपर्यंत बसली. कोणी आले नाही. सकाळी तिने वरची टोपी तेवढी काढली आणि बंदूक खुंटीवर ठेवून मुलांना बजावले, हात लावायचा नाही.

"मग हे कधी सांगितलं नाहीस ते?" मी विचारले.

"त्यात सांगायचं काय? काही घडलंच नाही ना."

महाराजपूरला आमचे पूर्वज होते की नव्हते, याचा निवाडा ही बंदूक करीत नाही. ती तेथे नव्हती, एवढेच ती सांगते. परंतु त्या दसऱ्याला आत्याने मुलांना समोर बसवले आणि प्रथम महाराजपूरची लढाई सांगितली, नंतर आजीची रात्र सांगितली. दुसरी हकीगत सांगताना तिला मध्येच थांबावे लागले.

संग्रह म्हणावा असे माझ्याकडे फार नाही. पुढे एक खरी सिंहाची 'इंडिया पॅटर्न' मिळाली, तेवढीच. हौस असणाऱ्यांनी कायदा आधी पाहावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ कालबाह्य वा पुरातन मोलाच्या अशा हत्यारांना सूट देते, जी दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत. पण ते आपल्याच मनाने ठरवू नये, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी पुरातन वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आणि वाळूकागदाने घासून हत्यार चकचकीत करण्याचा मोह आवरावा. खुणा गेल्या की बंदूक मुकी होते.

आणखी एक करावे. घरातल्या वृद्ध माणसांना हत्याराजवळ बसवून, ते सांगतील ते सगळे लिहून घ्यावे, "काही घडलंच नाही" असे ते म्हणाले तरीही. आत्या १९९१ साली गेली. आमच्या बंदुकीखाली आता एक कार्ड आहे. त्यावर १८६० हे साल, नळीचा व्यास, ४१७ हा आकडा आणि आजीचे नाव लिहिले आहे. शेजारी छोट्या काचेत ती चिंधी आहे. दसऱ्याला माळ दोघींनाही घालतो.